माइल्स डेव्हिस आणि त्याची माणसं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे महिन्यातून एकदा शनिवारी रात्री सात-आठ जण जमतात, पोहे-चहा होतो आणि मग ऐकणं. निम्मे पक्के शास्त्रीयवाले, एकजण किशोरशिवाय काही ऐकत नाही, आणि जॅझवाला मी एकटाच. माझी पाळी आली की दरवेळी तेच प्रश्न येतात, मी दरवेळी तीच उत्तरं देतो, त्यातली निम्मी पोह्यांच्या प्लेटमध्ये हरवतात. म्हणून एकदाच बसून लिहून काढलं. सगळं जॅझ यात नाहीये, फक्त १९५५ ते १९६८ या काळातल्या माइल्स डेव्हिस या अमेरिकन ट्रम्पेटवाल्याच्या दोन क्विंटेट आणि त्यांच्या आजूबाजूची माणसं.

क्विंटेट म्हणजे पाच जण, ठीक. पण माइल्सचंच नाव का? बाकीचे चार काय वाजवायला नुसते बसले होते?

नाही ना, तीच तर गंमत आहे. पोस्टरवर माइल्सचं नाव, कारण बँड त्याचा, काम तो मिळवायचा, पैसे तो द्यायचा. बाकीच्यांना साइडमन म्हणतात. आपल्याला लगेच 'साथीदार' हा शब्द सुचतो पण तो नीट बसत नाही, कारण आपल्याकडे गायक पुढे आणि तबला-पेटी मागे ही उतरंड ठरलेली असते. इथे आज जो साइडमन आहे तो उद्या स्वतःच्या रेकॉर्डवर लीडर, आणि परवा परत तिसऱ्याच्या रेकॉर्डवर साइडमन. पियानोवाल्या हर्बी हॅनकॉकची १९६५ ची 'मेडन व्हॉयेज' घ्या, बेसवर (खर्जातलं मोठं तंतुवाद्य) रॉन कार्टर आणि ड्रम्सवर टोनी विल्यम्स, म्हणजे माइल्सचीच माणसं. सॅक्सोफोनवाल्या वेन शॉर्टरची 'स्पीक नो इव्हिल' घ्या, पियानोवर हर्बी, बेसवर परत रॉन कार्टर. कव्हरवरचं नाव बदलतं, खोलीतली माणसं तीच. म्हणून जॅझवाल्याचं करिअर समजून घ्यायचं तर त्याने कोणती बक्षिसं मिळवली हे नंतर बघा, आधी तो कोणाकोणाबरोबर वाजवत होता ते बघा. रेकॉर्डच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात जी नावं असतात ना, तिथे खरा मजकूर असतो.

मग आधीची क्विंटेट कोणती?

१९५५ ची. माइल्स तेव्हा २९ वर्षांचा. १९४४ ला जुलियार्ड या संगीताच्या शाळेत शिकायला म्हणून न्यूयॉर्कला आला, १९४५ मध्ये सॅक्सोफोनवाल्या चार्ली पार्करबरोबर वाजवायला लागला, मग हेरॉइनमध्ये काही वर्षं गेली, त्यातून बाहेर आला. जुलै १९५५ मध्ये न्यूपोर्टच्या फेस्टिव्हलमध्ये त्याने थेलोनियस मंक या पियानोवाल्याची 'राउंड मिडनाइट' वाजवली आणि लोकांना एकदम आठवलं की अरे हा माणूस आहे की अजून. मग कोलंबिया ही रेकॉर्ड कंपनी मागे लागली, आणि त्याने बँड जमवला. टेनर सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन, पियानोवर रेड गारलंड जो आधी बॉक्सर होता आणि शुगर रे रॉबिन्सनसमोर रिंगमध्ये उतरला होता, बेसवर पॉल चेंबर्स, वय २० फक्त, आणि ड्रम्सवर फिली जो जोन्स. कोल्ट्रेनला तेव्हा फारसं कोणी ओळखत नव्हतं, आणि ओळखणाऱ्यातले बरेच म्हणायचे हा काय बेसूर वाजवतो.

दोन दिवसांत चार रेकॉर्ड केल्या ही गोष्ट खरी आहे का थाप आहे?

खरी आहे. भानगड अशी होती की माइल्सचा जुन्या कंपनीशी, म्हणजे प्रेस्टिजशी, करार शिल्लक होता आणि कोलंबिया तर मोठी कंपनी, तिकडे जायची घाई. मग तडजोड झाली, प्रेस्टिजच्या राहिलेल्या रेकॉर्डी आधी पुऱ्या कर. ११ मे आणि २६ ऑक्टोबर १९५६, दोन दिवस, न्यूजर्सीत हॅकनसॅकला रूडी व्हॅन गेल्डरच्या आईवडिलांच्या घरात जो स्टुडिओ होता तिथे. क्लबमध्ये रोज वाजवायचे तीच गाणी तिथे बसून जवळपास सगळी एकेका टेकमध्ये उरकली आणि त्यातून चार एलपी निघाल्या, त्या कंपनीने १९५७ ते १९६१ पर्यंत एकेक करून सोडल्या. म्हणजे माइल्स कोलंबियात जाऊन कुठच्या कुठे पोचला तरी याच्या जुन्या एलपी बाजारात येतच राहिल्या.

'रिलॅक्सिन' नावाच्या रेकॉर्डच्या सुरुवातीला त्याचा घोगरा आवाज ऐकू येतो, आधी वाजवतो, काय आहे ते मग सांगतो, अशा अर्थाचं काहीतरी तो पुटपुटतो आणि चुटक्या वाजवून लय देतो. मला ते फार आवडतं. एवढ्या घाईच्या दिवशी सुद्धा माणूस काय निवांत आहे बघा.

कोल्ट्रेनला माइल्सने हाकलून दिलं होतं म्हणतात?

हो, १९५७ मध्ये. हेरॉइन. वेळेवर यायचा नाही, स्टेजवर डुलक्या. पण पुढचं महत्त्वाचं आहे. त्याच वर्षी तो घरी राहून सुटला त्यातून, आणि मग थेलोनियस मंकबरोबर फाइव्ह स्पॉट नावाच्या क्लबमध्ये काही महिने वाजवलं. मंक स्वतः १९५१ पासून कितीतरी वर्षं न्यूयॉर्कच्या क्लबमध्ये वाजवू शकत नव्हता, कारण तिथे पोलिसांकडून कॅबरे कार्ड नावाचा परवाना लागायचा आणि त्याचा तो जप्त झालेला. परवाना परत मिळाला १९५७ ला, म्हणजे दोघंही एकाच वेळी मोकळे झाले. त्या जोडीची कार्नेगी हॉलमधली एक टेप २००५ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये खोक्यात सापडली, ४८ वर्षांनी! ती ऐका. कोल्ट्रेन मंकच्या अवघड चालींतून वाट काढत असतो आणि मंक मध्येच पियानो वाजवायचा बंदच करतो, जा बाबा एकटा.

१९५८ ला माइल्सने त्याला परत घेतलं. आधी हाकललेल्याला परत घेणं यात कमीपणा वाटायचा प्रश्नच नव्हता, वाजवतोय ना चांगलं, मग ये.

एक किस्सा सगळीकडे सांगितला जातो, कोल्ट्रेनचे सोलो, म्हणजे एकट्याने वाजवायची पाळी, फार लांबायला लागले, तो माइल्सला म्हणाला मला थांबायचं कसं तेच कळत नाही, माइल्स म्हणाला तोंडातून सॅक्सोफोन काढ.

'काइंड ऑफ ब्लू' एवढी मोठी का? मला तर ऐकताना झोप येते.

येऊ दे, त्यात वाईट काय. पण एकदा जागं राहून ऐका.

२ मार्च आणि २२ एप्रिल १९५९, न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावरचा कोलंबियाचा स्टुडिओ, आधी तिथे चर्च होतं म्हणून आवाजाला ती उंची आहे. माइल्स, कोल्ट्रेन, अल्टो सॅक्सोफोनवर कॅननबॉल अॅडर्ली जो काही वर्षांपूर्वी फ्लोरिडात शाळेत बँड शिकवणारा मास्तर होता, बिल इव्हान्स पियानोवर, पॉल चेंबर्स, आणि ड्रम्सवर जिमी कॉब. एका गाण्याला पियानोवर विन्टन केली नावाचा माणूस. पाच गाणी, बस. लोकांच्या हातात बरचसं सामान त्याच दिवशी पडलं, चार ओळींची रूपरेषा, हे हे सूर आणि एवढ्या एवढ्या वेळाने बदला.

आता 'सो व्हॉट' घ्या. पियानो आणि बेस आधी जरा चाचपडल्यासारखं काहीतरी वाजवतात, मग बेस मुखडा सांगतो (बेस! सगळ्यात मागे उभा असणारा माणूस मुखडा सांगतो) आणि बाकीचे दोन ठोक्यांत हुंकार देतात. ३२ बारचं आवर्तन, बारात चार मात्रा, म्हणजे १२८ मात्रांचं. पहिल्या १६ बारांत एक स्वरसप्तक, जे आपल्या काफी थाटाचंच आहे, मग ८ बार तेच सगळं अर्ध्या सुराने वर, मग ८ बार परत खाली. एवढंच. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांना, जे आयुष्यभर पेटी वाजवतात, मी हे सांगितलं तर ते म्हणाले, म्हणजे षड्जच अर्धा सूर सरकवला की यांनी. अगदी तसंच. मुखडा संपतो आणि माइल्स सोलोत शिरतो तिथे जिमी कॉब झांजेवर एक जोरात मारतो, आणि तो आवाज जवळपास विरेपर्यंत बाकी सगळे शांतपणे चालत राहतात. ती एक झांज ऐकण्यासाठी मी ती रेकॉर्ड दोनशे वेळा तरी लावली असेल. मग माइल्सची दोन आवर्तनं, कोल्ट्रेनची दोन, कॅननबॉलची दोन, इव्हान्सचं एक.

ओळीने ऐका आणि माणसं ओळखा. माइल्स कमी बोलतो, दोन वाक्यांत मोकळी जागा सोडतो. कोल्ट्रेन त्याच जागेत सगळं घर भरून टाकतो. कॅननबॉल हसत हसत येतो, गोष्ट सांगणारा मामा असतो ना तसा. इव्हान्स खिडकीत बसून बाहेर बघतोय. तीच मोकळी जागा, चार स्वभाव. हे चौघं त्यानंतर दोन वर्षांत चार दिशांना गेले, आणि ते ऐकताना कळतंच की जाणार.

आणखी एक, रेकॉर्डची पहिली बाजू कित्येक वर्षं थोड्या वेगळ्या स्पीडने छापली जात होती, मशीन नीट चालत नव्हतं म्हणून सूर किंचित चढे लागायचे. ते नव्वदच्या दशकात दुरुस्त झालं. मी एका जुन्या दुकानातून भारी किमतीला एलपी आणली होती आणि पेटीवर सूर जुळेना म्हणून दुकानदाराशी उगाच हुज्जत घातली, आता आठवलं की लाज वाटते.

एवढ्या विकल्या गेल्या तर साइडमन लोकांना काय मिळालं?

त्या दिवसाचे पैसे. युनियनचा दर असतो तो. पुढे ती रेकॉर्ड अमेरिकेत पन्नास लाखांच्या वर गेली तरी वाजवणाऱ्याला त्यातून वेगळं काही मिळायची पद्धत नव्हती. ज्याच्या नावावर चाल, त्याला रॉयल्टी, आणि पाचही चाली माइल्सच्या नावावर. त्यातली 'ब्लू इन ग्रीन' आपली आहे असं बिल इव्हान्स म्हणायचा. त्याने रॉयल्टीचा विषय काढला तर माइल्सने २५ डॉलरचा चेक लिहून दिला, असं त्याच्याच तोंडचं सांगितलं जातं.

याच्या उलट हर्बी हॅनकॉकचं बघा. वय २२, पहिलीच रेकॉर्ड, १९६२. कंपनी म्हणते चालीचे हक्क आम्हाला दे. डॉनल्ड बर्ड नावाच्या मोठ्या ट्रम्पेटवाल्याने, ज्याने त्याला न्यूयॉर्कला आणलं होतं, आधीच बजावून ठेवलेलं, हक्क सोडायचे नाहीत. पोरगं अडून बसलं. 'वॉटरमेलन मॅन' पुढे मोंगो सांतामारियाने वाजवली आणि जोरदार चालली, आणि त्या पैशातून हर्बीने स्पोर्ट्स कार घेतली, कोब्रा. मोठ्याने लहानाला सांगितलेली ही एक गोष्ट अख्ख्या शिष्यवृत्तीपेक्षा जास्त कामाची ठरली असं मला वाटतं.

रंगभेदाचा या सगळ्यावर काही परिणाम?

तुम्हाला काय वाटतं? 'काइंड ऑफ ब्लू' बाजारात आली १७ ऑगस्ट १९५९ ला. २५ ऑगस्टला माइल्स न्यूयॉर्कमध्ये बर्डलँड क्लबच्या दाराबाहेर, जिथे आत तो स्वतः वाजवत होता आणि वर त्याचंच नाव लावलेलं, सिगरेट ओढत उभा होता. पोलिस म्हणाला चल हो पुढे. हा म्हणाला मी इथेच काम करतो. डोकं फुटेपर्यंत मारलं आणि वर अटक केली. आठ दिवस झाले होते रेकॉर्ड येऊन.

दुसरी क्विंटेट कशी जमली?

१९६२ संपता संपता जुनी माणसं पांगली. कोल्ट्रेन १९६० लाच गेलेला, त्याचा स्वतःचा चौघांचा बँड झाला. १९६३ मध्ये माइल्सने नवीन पोरं शोधायला सुरुवात केली, आणि पोरंच म्हणायची, टोनी विल्यम्स १७ वर्षांचा होता! दारू विकणाऱ्या क्लबमध्ये ड्रमरचं वय आडवं यायचं.

रॉन कार्टर २६ चा होता आणि सगळ्यात शिस्तीचा. मूळचा चेलोवाला, ईस्टमन स्कूलमध्ये रीतसर शिकलेला. माइल्स त्याला विचारायला आला तेव्हा तो आर्ट फार्मर या ट्रम्पेटवाल्याबरोबर दोन आठवड्यांच्या कामावर होता. तो म्हणाला, मी याला शब्द दिलाय, तुम्ही त्याला विचारा, तो हो म्हणाला तर येतो. माइल्स डेव्हिसला असं सांगायचं म्हणजे काय! फार्मरने सोडलं, मग गेला. रॉन कार्टर स्वतः हे मुलाखतींत सांगतो आणि त्यात बढाई अजिबात नसते, शब्द दिला होता एवढंच.

हर्बीची परीक्षा कशी झाली तर माइल्सच्या घरी या सगळ्यांना बोलावलं, तळमजल्यावर वाजवत बसा म्हणाला, आणि स्वतः थोडं वाजवून वर निघून गेला. दोन-तीन दिवस हेच. नंतर हर्बीला कळलं की तो वर बसून इंटरकॉमवर सगळं ऐकत होता, कारण समोर बसला असता तर पोरांनी घाबरून वाजवलं असतं. तिसऱ्या दिवशी म्हणाला उद्या स्टुडिओत या. हर्बीने विचारलं म्हणजे मी बँडमध्ये आहे का, तर उत्तर, रेकॉर्डवर आहेस ना. संपलं.

पाचवा माणूस मिळायला वेळ लागला. जॉर्ज कोलमन होता, सॅम रिव्हर्स थोडे दिवस होता, शेवटी सप्टेंबर १९६४ ला वेन शॉर्टर आला. तो पाच वर्षं आर्ट ब्लेकीच्या जॅझ मेसेंजर्समध्ये होता. हा ब्लेकी म्हणजे चालती-फिरती तालीमच, ली मॉर्गन, फ्रेडी हबर्ड, पुढे विन्टन मार्सालिस, सगळे तिथून निघाले. ड्रमच्या मागे बसून हा पोरांना घडवायचा आणि तयार झाले की जा म्हणायचा.

चुकीच्या कॉर्डची काहीतरी गोष्ट आहे ना?

आहे. हर्बी शेकडो वेळा सांगून झालाय. साठच्या दशकात जर्मनीत श्टुटगार्टला कार्यक्रम, रात्र मस्त रंगलेली, 'सो व्हॉट' चाललंय, माइल्सचा सोलो टोकाला पोचलाय, आणि हर्बीचा हात भलत्याच कॉर्डवर (एकदम दाबलेल्या सुरांवर) पडला. साफ चूक. त्याने कानावर हात घेतले. माइल्सने एक श्वास घेतला आणि असे काही सूर वाजवले की ती कॉर्ड बरोबर झाली. हर्बी म्हणतो, मला चूक ऐकू आली, त्याला फक्त काहीतरी घडलं एवढंच ऐकू आलं.

आपल्याकडे तबलजी सम चुकला आणि गायकाने तिहाई अशी फिरवून घेतली की लोकांना वाटलं हेच ठरलं होतं, असं आपण ऐकलेलं असतं. पण आपल्याकडे ते सांभाळून घेणं असतं. इथे ते सांभाळणं नव्हतं, पुढचं गाणं त्या चुकीतूनच निघालं. मला तरी या क्विंटेटचं मर्म तिथे दिसतं, कोणी कोणाचं झाकत नाही.

प्लग्ड निकल काय आहे? तुम्ही ते सारखं म्हणता.

शिकागोतला क्लब. डिसेंबर १९६५, दोन रात्रींचं रेकॉर्डिंग, २२ आणि २३ तारीख. त्या वर्षी माइल्सचं कमरेचं ऑपरेशन झालेलं, बरेच महिने बँड बंद होता. परत सुरू झाल्यावर पोरांना वाटायला लागलं की आपण एकमेकांना इतके ओळखतो की कोण काय वाजवणार हे आधीच कळतंय, कंटाळा. टोनी म्हणाला, आपण उलटं करू, समोरचा जे अपेक्षेने बघतोय ते सोडून भलतंच वाजवायचं. माइल्स वर चढायला लागला की आपण एकदम खाली यायचं. माइल्सला सांगितलंच नाही! आणि तिथे पोचल्यावर बघतात तर रेकॉर्डिंगची मशिनं लावलेली. हर्बी म्हणाला बोंबला, आता काय करायचं, पण मागे हटायचं नाही असं ठरलं.

ते ऐकायला सोपं नाहीये, मी खोटं बोलणार नाही. क्लबातल्या लोकांचे ग्लास वाजतायत, कोणीतरी हसतंय, आणि स्टेजवर चार जण पाचव्याच्या पायाखालची सतरंजी हळूच ओढतायत. आणि पाचवा पडत नाही. वेन शॉर्टर तर असं वाजवतो की वाक्य अर्धं सोडून दिलंय आणि तरी अर्थ लागतोय.

एकच रेकॉर्ड ऐकायची तर?

'नेफर्टीटी'. १९६७ ला रेकॉर्ड झाली, १९६८ ला आली. लीडर माइल्स, पण त्यावर त्याची स्वतःची एकही चाल नाही, तीन शॉर्टरच्या, दोन हर्बीच्या, एक टोनीची. ज्याने इव्हान्सला २५ डॉलर दिले म्हणतात तोच माणूस आठ वर्षांनी इथे.

आणि त्यातलं पहिलं गाणं. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन एक सोळा बारची चाल वाजवतात, परत तीच, परत तीच, परत तीच. सोलो नाहीच. आठएक मिनिटं फक्त तीच चाल, थोडी दमलेली, थोडी मागेपुढे, आणि खाली टोनी विल्यम्स पेटलेला असतो, उकळी येते, बसते, परत येते. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं रेकॉर्ड अडकलीये. आमचे बाबा तबला ऐकणारे, अल्लारखांची मैफल ऐकली म्हणून अजून सांगतात. ते शेजारच्या खोलीतून आले आणि म्हणाले, "अरे हा लेहरा धरलाय रे यांनी. खालचा एकटा वाजवतोय." एवढं सोपं. एकल तबल्याला पेटी किंवा सारंगी लेहरा धरते तसाच दोघं धरून बसलेत आणि सगळा सोलो ड्रम्सचा. मी जॅझवरची पुस्तकं वाचून जे सांगत बसलो असतो ते बाबांनी चहाचा कप घेऊन उभ्या उभ्या सांगितलं.

एवढा चांगला बँड फुटला का मग?

भांडणाने नाही. रॉन कार्टरला न्यूयॉर्कमध्येच इतकं स्टुडिओचं काम होतं की दौरे नको झाले, आणि माइल्सला आता इलेक्ट्रिक बेस हवा होता. (रॉन कार्टर सगळ्यात जास्त रेकॉर्डिंग केलेला जॅझ बेसवाला म्हणून गिनीजमध्ये आहे, २०१५ मध्ये आकडा होता २,२२१.) हर्बी १९६८ ला लग्न करून हनिमूनला ब्राझीलला गेला, तिथे पोट बिघडलं, यायला उशीर झाला, तोपर्यंत त्याच्या जागी चिक कोरिया बसलेला. टोनी १९६९ ला गेला. शॉर्टर शेवटपर्यंत राहिला, मग तोही.

आणि मग जे झालं ते बघा. टोनीने लाइफटाइम काढला आणि त्यात गिटारवाल्या जॉन मॅक्लॉफ्लिनला इंग्लंडहून आणलं. मॅक्लॉफ्लिनने पुढे महाविष्णू ऑर्केस्ट्रा काढला. शॉर्टरने जो झाविनुलबरोबर वेदर रिपोर्ट. चिक कोरियाने रिटर्न टू फॉरएव्हर. हर्बीने १९७३ ला हेड हंटर्स. सत्तरच्या दशकातले जेवढे मोठे फ्यूजन (जॅझ आणि रॉक मिसळणारे) बँड होते त्यातले बहुतेक या एका घरातून बाहेर पडलेले सख्खे-चुलत.

परत एकत्र आले की नाही?

आले, माइल्सशिवाय. २९ जून १९७६, न्यूयॉर्क, हर्बीच्या कामावरचा कार्यक्रम. माइल्स येईल अशी आशा होती पण तो तेव्हा सगळं सोडून घरात बसलेला. ट्रम्पेटला फ्रेडी हबर्ड आला. नाव दिलं व्ही.एस.ओ.पी., म्हणजे अगदी खास, एकदाच. आणि मग एकदाच म्हणता म्हणता पुढच्या वर्षी दौरा, नंतर १९७९ ला टोकियोत भर पावसात हजारो लोकांसमोर. खरं सांगू, मला ते जरा गर्दीचं वाटतं, सगळे जोरात, हबर्ड तर काही सिद्ध करायला आल्यासारखा. तंत्र बघायचं तर अफाट. पण मधली ती मोकळी जागा गेली.

माइल्स २८ सप्टेंबर १९९१ ला गेला. नंतर चौघांनी ट्रम्पेटला वॉलेस रोनीला घेऊन त्याच्या आठवणीत दौरा केला, ते मला जास्त आवडतं. १९९७ ला हर्बी आणि शॉर्टर दोघांचीच, पियानो आणि सोप्रानो सॅक्सोफोन, 'वन प्लस वन'. त्याच वर्षी फेब्रुवारीत टोनी गेला होता, वय ५१.

बायका कुठे आहेत या सगळ्यात?

होत्या, पण क्लबच्या दारावर नावं कमी लागली. मेरी लू विल्यम्सच्या हार्लेममधल्या घरी चाळीसच्या दशकात मंक, बड पॉवेल ही मंडळी कामावरून सुटली की रात्री येऊन पियानोवर बसायची, म्हणजे पुढच्या सगळ्याची बैठक तिच्या दिवाणखान्यात. मेल्बा लिस्टन ट्रॉम्बोन वाजवायची आणि डिझी गिलेस्पीसाठी अरेंजिंग करायची. अॅलिस कोल्ट्रेनने १९६६ मध्ये नवऱ्याच्या बँडमध्ये पियानोवर मॅकॉय टायनरची जागा घेतली, आणि लोकांनी बायको म्हणून घेतली असं बोलून टाकलं, ते ऐकलेलं नसतं म्हणून. आणि पियानोवाली जेरी अॅलन, ती १९९४ मध्ये रॉन कार्टर आणि टोनी विल्यम्सला घेऊन स्वतःच्या नावाने रेकॉर्ड करते, म्हणजे माइल्सचे दोघं तिचे साइडमन.

आपल्याकडे असं काही?

मुंबईत जॅझचा जोर १९३५ पासून, लिऑन अॅबीचा बँड ताजमध्ये आला तेव्हापासून. मग टेडी वेदरफर्ड. आणि त्यांच्याकडे बघत, ऐकत गोव्याची पोरं तयार झाली. चर्चच्या शाळेत नोटेशन वाचायला शिकलेली, त्यामुळे काहीही समोर ठेवा वाजवणार. अल्दोनाचा आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, रात्री ताजमध्ये ट्रम्पेट आणि दिवसा सी. रामचंद्रांकडे. हे रामचंद्र म्हणजे आपले अण्णा चितळकर, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे, आणि त्यांच्या गाण्यांत ब्रासचा जो झटका येतो त्यात या माणसाचा हात आहे. इथे पण तेच झालं, पडद्यावर नाव एकाचं. चाळीस-पन्नास वाजवणाऱ्यांची नावं कुठेच नाहीत.

१९७८ ला मुंबईत पहिली जॅझ यात्रा झाली, सॉनी रॉलिन्स आला होता. आणि माइल्सच्या घराण्याशी थेट धागा म्हणाल तर माहीमचे झाकीरभाई. टोनीने आणलेला जो मॅक्लॉफ्लिन, त्याच्याबरोबर त्यांनी शक्ती हा बँड सुरू केला सत्तरच्या दशकात. पुढे डेव्ह हॉलंड, ज्याने माइल्सकडे रॉन कार्टरची जागा घेतली, त्याच्याबरोबर २०१९ मध्ये 'गुड होप'. शक्तीला फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रॅमी मिळाला आणि त्याच डिसेंबरात झाकीरभाई गेले.

मग हे सगळं जुगलबंदीच ना शेवटी?

नाही हो. जुगलबंदीत दोघं समोरासमोर, सवाल-जवाब, आणि लोक टाळ्या कोणाला जास्त ते बघतात. असं जॅझमध्ये पण असतं, चार-चार बार वाटून घेतात. पण या क्विंटेटमध्ये कोणी कोणाच्या समोर नाही, सगळे एकाच दिशेला बघतायत, आणि तिकडे काय आहे ते कोणालाच माहीत नाही. त्यापेक्षा वारीतली दिंडी जवळची वाटते मला, अभंग एक, पण टाळकरी-पखवाजी चालता चालता जे करतात ते ठरलेलं नसतं. आमचे शास्त्रीयवाले यावर भांडतात, भांडू दे.

आता कोण कोण आहे?

वेन शॉर्टर २ मार्च २०२३ ला गेला. जिमी कॉब २०२० ला, 'काइंड ऑफ ब्लू'मधला तो शेवटचा. दुसऱ्या क्विंटेटमधले हर्बी, जन्म १९४०, आणि रॉन कार्टर, जन्म १९३७, हे दोघं आहेत.

ठीक, आज रात्री काय लावू?

'रिलॅक्सिन', मग 'सो व्हॉट', मग 'नेफर्टीटी', या क्रमाने. प्लग्ड निकल आत्ता नको. मोबाइलच्या स्पीकरवर नको, बेस ऐकूच येत नाही, आणि बेस नाही ऐकला तर रॉन कार्टर काय करतोय कळणार नाही. हेडफोन लावा. 'नेफर्टीटी'ला पहिल्या खेपेला चाल ऐका, दुसऱ्या खेपेला चाल सोडून द्या आणि फक्त ड्रम्स ऐका. पुढच्या शनिवारी आमच्याकडे या, पोहे असतातच.